राखून ठेवलेला टाका

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या आमच्या दुकानात लग्नाचे गाऊन अगदी साधे असतात. लेस नाही, मणी नाहीत, नुसतं रेशीम. असा साधेपणा शिवणारीचा जीव काढतो, कारण एक टाका वाकडा गेला तर झाकायला काहीच नसतं. एकतीस वर्षं हेच करून माझे गुडघे कामातून गेलेत.

आमच्यात घेराचा शेवटचा टाका लग्नाच्या सकाळी घालतात. तो पडेपर्यंत नवरीनं डोळे मिटून उभं राहायचं.

नवरी फेम्के लग्नाआधी गाऊन घालून बघायला आली, तेव्हा आरशात मला घेर पूर्ण शिवलेला दिसला. मी खाली पाहिलं. टाका अजून बाकीच होता.

मालकिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "हिल्डे, चष्मा बदल. आणि जरा झोपत जा गं."

आज सकाळी फेम्के डोळे मिटून आरशासमोर उभी राहिली. मी सुई घेऊन तिच्या पायाशी गुडघे टेकले. आरशाकडे बघायचंच नाही, असं ठरवलं होतं.

"मावशी, आटपा ना, गाडी आलीय."

"एकच टाका, पोरी. हलू नकोस."

ती हलली नाही. तरी रेशीम सळसळलं. मी मान वर केली.

आरशातल्या फेम्केनं पाठ फिरवली होती. शिवून पुरा झालेला घेर फरशीवरून ओढत ती दाराबाहेर निघून गेली. आरशात मी एकटीच उरले, हातात सुई धरून.

"झाला का टाका?" माझ्या डोक्यावरून फेम्केनं विचारलं. "उघडू डोळे?"