साडेबेचाळीस टन

तिसऱ्या ठिकाणीही तोच आकडा दिसला तेव्हा किशोरीनं पेन खाली ठेवलं. उरण-पनवेल पट्ट्यात बर्फाची रोजची तूट साडेबेचाळीस टन. आकडा नेटवर तीन ठिकाणी सापडल्याशिवाय प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये घालायचा नाही, हा तिचा नियम होता. एका पेपरची पुरवणी, मुंबईची सल्लागार कंपनी आणि उद्योगांची एक सूची, तिन्हीकडं किलोचाही फरक नव्हता. खरं म्हणजे तिचं काम झालं होतं.

समोरच्या खुर्चीत भामा बसली होती, उरणच्या मोरा बंदरावरची कोळीण, पन्नाशी उलटलेली. तिला बर्फाचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी नवऱ्याची, कमळाकरची, बोट विकायची ठरली होती आणि गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं. उरलेलं बँक देणार होती, पण बँकेला आधी रिपोर्ट हवा होता.

पनवेलच्या लाइन आळीतल्या त्या दहा बाय दहाच्या ऑफिसात दुपारचे चार वाजत आले होते. पंखा गरम हवाच इकडची तिकडं करत होता. किशोरीनं सकाळपासून दोन रिपोर्ट हातावेगळे केले होते, एक मसाल्याच्या गिरणीचा आणि एक कामोठ्यातल्या क्लासचा, आणि आता तिचे डोळे चुरचुरत होते. बाजारपेठेचं पान बँकेतला साहेब वाचत नाही, हे तिला सात वर्षांत पक्कं कळलं होतं. पण पान असावं लागतं, त्यावर तक्ता लागतो आणि तक्त्याखाली 'स्रोत' म्हणून कुणाचं तरी नाव लागतं.

त्या नावापाशीच ती अडली. पुरवणीनं सल्लागार कंपनीचं नाव दिलं होतं, सल्लागार कंपनीनं सूचीचं आणि सूचीनं कुठल्याशा वेबसाइटचं. म्हणजे बोलणारे तिघं नव्हतेच, एकाचंच बोलणं पुढं पुढं गेलं होतं. एरवी तिनं काणाडोळा केला असता. पण बोट एकदा हातची गेली की गेली, असं भामा मघाशी सहज बोलून गेली होती, आणि ते काही किशोरीच्या डोक्यातून जाईना. तिनं वेबसाइट उघडली.

ती निघाली प्रभाकरशेटची. सात वर्षांपूर्वी, दोन हजार सहा साली, हे शेट बर्फाचा कारखाना काढणार म्हणून गावभर सांगत फिरले होते, आणि शेवटी सुकापूरला बिल्डिंग बांधून मोकळे झाले होते. वेबसाइट बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नसावं. तिच्यावर कारखान्याचा रिपोर्ट अजून तसाच होता. किशोरीनं तो उघडला आणि पहिल्याच पानाची दुहेरी चौकट ओळखली. धंद्यात नवीन असताना ती प्रत्येक पानाला तशी चौकट घालायची.

मग सगळंच आठवलं. बर्फाची तूट किती, हे तेव्हा कुठंच सापडत नव्हतं. शेट म्हणाले होते, कोरी जागा बरी दिसत नाही, टाका काहीतरी. तिनं चाळीस टाकले. चाळीस फारच अंदाजपंचे वाटले म्हणून बेचाळीस केले. आणि कुणीतरी जाऊन मोजून आलंय असं वाटावं म्हणून वर अर्धा चढवला होता.

तिला लाज वाटली. पण दिवसभराच्या शिणानं ती लाजसुद्धा जड जड झाली होती. हा आकडा आणखी किती जणांच्या रिपोर्टात जाऊन बसला असेल, याचा विचार तिनं केलाच नाही.

"मावशी, हा आकडा खरा नाही," ती म्हणाली. "सात वर्षांपूर्वी मीच तो मनानं लिहिलाय."

भामानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं. पेपरात पण आलंय, असं ती हळूच म्हणाली. सुनेनं, रियानं, मोबाइलमध्ये त्या बातमीचा फोटो काढून दिला होता, तोही तिनं शोधून दाखवला. पेपरनं कुणाकडून घेतलं, त्यांनी कुणाकडून घेतलं, हे किशोरीनं पहिल्यापासून सांगितलं. भामा मान डोलावत राहिली. शिकलेल्या बाईचं मन मोडू नये, एवढाच त्या डोलावण्याचा अर्थ होता.

तेव्हा कुठं किशोरीला सात वर्षांत न सुचलेली गोष्ट सुचली. तिनं कीबोर्ड बाजूला सारला आणि तुम्ही किती वर्षं मासळी विकताय, असं विचारलं. भामा म्हणाली, तीस.

"मग तुमच्या धक्क्यावर बर्फ कमी पडतो का?"

"कमी?" भामाला प्रश्नच विचित्र वाटला. "मासलीच नाय तं बर्फ कुनाला पायजे? हायेत त्या कारखान्यांचाच उरतो. दुपारपावेतो पडून पडून त्याचा पानी व्हतं."

मग किशोरीनं विचारलं, की असं असताना तुम्ही बोट विकून कारखाना कशाला काढताय?

भामानं पदरानं मानेवरचा घाम टिपला. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवला.

"उरलेला बर्फ मना रोज दिसतंय, बाय," ती म्हणाली. "पन इतक्या ठिकानी लिवलंय. म्हटलं, माजंच कायतरी चुकत आसंल."