उताराचं टक्कल

चिमट्यात गवताचं एकेक बी धरून घड्याळवाल्यांनी ते झुडपांमधल्या मोकळ्या मातीत पेरलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून कुंपणापलीकडे नजर टाकली. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. दुकान बंद केल्यावर चिमट्याला हे काम मिळेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

घरासमोरच्या उतारावर हे बुटकं जुनिपर माळीणबाईंनी लावलं होतं. बारमाही हिरवं, उंच न होता जमिनीलगत पसरणारं.

"एकदा गच्च झालं की तणाला जागाच उरत नाही," तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. "मग माझी काही गरज नाही तुम्हाला."

ते ऐकून घड्याळवाल्यांना झाडाचं गच्च होणंच नकोसं झालं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक आपल्या संसारात. आठवड्यातून एकदा बाई खुरपं घेऊन यायच्या, तण काढायच्या, मग पायरीवर चहा घेत साऱ्या गल्लीच्या बागांची यथेच्छ टिंगल करायच्या. त्या दिवशी घड्याळवाले गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. सरळ सांगायचं तर बाई त्यांना फार आवडायच्या. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून हा बियांचा उद्योग.

"अगंबाई, पुन्हा उगवलं?" पुढच्या खेपेला बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"काय करणार, मातीच चावट आहे," घड्याळवाले साळसूदपणे म्हणाले.

बाईंनी तण उपटलं. मग खिशातली छोटी कात्री काढून पुढे धावणाऱ्या कोवळ्या फांद्यांचे शेंडे कातरले. "याने झाड दाटतं," त्या नेहमीसारखं म्हणाल्या आणि कप पुढे केला. "आहे का अजून थोडा?"

इतक्या भोळ्या बाईला आपण फसवतोय, याचं घड्याळवाल्यांना वाईट वाटलं. तरी त्यांनी कप काठोकाठ भरला.

रविवारी लेक आली आणि उतार पाहून तिने कपाळावर हात मारला.

"बाबा, तिसरं वर्ष लागलं, अजून टक्कल तसंच! त्या बाई तुम्हाला चक्क फसवतायत. मी दुसरा माळी बघते."

"बाईंना काही बोलायचं नाही!" घड्याळवाले एवढ्या जोरात ओरडले की लेक बघतच राहिली. "त्यांच्या मनात काही काळंबेरं नाही. रोपंच खराब असतील."

"मग जिथून आणली तिथेच विचारू. पण दोष बाईंचा निघाला, तर त्यांचं येणं बंद."

नर्सरीत घड्याळवाले लेकीच्या आधी पुढे सरकले. बाईंना वाचवायचं तर बियांचं बिंग आपणच फोडायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण नर्सरीवाला आधीच बोलू लागला. सोबत आणलेल्या फांदीच्या टोकावर तो अंगठा फिरवत होता.

"याला कात्री कुणी लावली? पसरणारे शेंडेच उडवलेत. नुसतं सोडून दिलं असतं, तरी गेल्या वर्षीच सगळा उतार झाकला असता."

"ऐकलंत, बाबा?" लेक म्हणाली. "तुमच्या माळीणबाईंना कामच येत नाही."

"कुणाला, बाईंना?" नर्सरीवाला हसला. "अहो ताई, या झाडाच्या शेंड्यांना हात लावायचा नसतो, हे मला त्यांनीच शिकवलंय."