बाबांच्या गाडीची उंची

थोरलीने गॅरेजच्या दारातूनच तोफ डागली. "मामा, बाबांची गाडी खाली बसवताय म्हणे? मला न विचारता? त्यांच्यासारखी ताठ मानेने चालायची ती!"

"ताई, वळणावर होडीसारखी कलंडते गं," धाकटी म्हणाली. "आखूड स्प्रिंगा घातल्या की रस्ता धरून पळेल."

"तिला हात लावलास, तर तुझी-माझी बोलचाल बंद!"

मामाने हात पुसले. "गाडीत वजन पडल्याशिवाय उंची कळत नाही, बायांनो. बसा दोघी मागे. भांडण आतही करता येईल."

"म्हणजे बदलल्यासुद्धा?" थोरली तणतणत आत बसली.

डिकीवर दोन्ही तळवे टेकून मामाने गाडी दाबली, सोडली, दाबली, सोडली. गाडी डुलू लागली. पन्नाशीच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. एकीचा चष्मा उडाला, दुसरीचा अंबाडा सुटला. "मामा, पुरे!" म्हणता म्हणता "मामा, अजून!" सुरू झालं. लहानपणी याच सीटवर उड्या मारताना हसायच्या, तशा दोघी पोट धरधरून हसू लागल्या.

खाली उतरल्यावर थोरली डोळे पुसत म्हणाली, "काय छान खाली आलीय गं! रस्ता अगदी हाताला लागतोय. बाबा असते तर स्टिअरिंग सोडलं नसतं."

"मग चालेल ना तुला?" मामाने पाना उचलला. "स्प्रिंगा अजून जुन्याच आहेत, एकही नट ढिला केलेला नाही. आता करतो."