तेलाचा बोल्ट

लांबूच्या गाडीचा गिअरबॉक्स सरावाच्या शेवटच्या फेरीत गेला, तोही आतल्या दातांचा पार चुरा करून. शर्यतीला दोन तास उरले होते. सबंध गॅरेजात जादा गिअरबॉक्स एकच होता, भाचीच्या गाडीसाठी राखून ठेवलेला, आणि तो मामाच्या ताब्यात होता.

भाची लांबूच्याच संघाची दुसरी ड्रायव्हर. मामा तिचा मेकॅनिक, आणि सख्खा मामा. वर्षभराच्या गुणांत ती लांबूपेक्षा दोनने पुढे होती, तिसरं कुणी आसपासही नव्हतं, आणि ही शेवटची शर्यत. लांबू उतरलाच नाही तर ती बसल्या जागी विजेती. पण संघाचा चषक हवा तर दोन्ही गाड्या शेवटपर्यंत पोचायला हव्या होत्या, आणि त्या चषकासाठी अकरा माणसं वर्षभर राबली होती.

"देऊन टाक त्याला," भाची म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" मामा खेकसला. "आयतं मिळतंय ते घे ना गुमान!"

"आयतं नकोय. मला त्याला हरवायचंय, मामा. तो इथं खुर्चीत बसून राहिला तर हरवू कुणाला?"

मामा एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरं बाई. तू म्हणशील तसं. मीच देतो बसवून."

इथंच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मामा, आणि 'तू म्हणशील तसं'? हेल्मेट कुठल्या खुंटीला टांगायचं यावर अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस हा!

सव्वा तासात मामानं गिअरबॉक्स बसवला. लांबू सव्वासहा फूट उंच, गाडीत स्वतःची घडी घालून बसायचा. तो बिचारा तेवढा वेळ मामाला पाणी दे, फडकं दे, करत उभा होता. "झालं," म्हणून मामा हात पुसत बाजूला झाला. लांबू हेल्मेट आणायला पळाला.

भाची पाना घेऊन गाडीखाली सरपटली, शर्यतीच्या पांढऱ्या पोशाखासकट. नऊ बोल्ट तिनं एकेक करून तपासले. एकही जागचा हलला नाही. मामाचं काम ते, हलेल कसं? दहावा अगदी खालचा, तेल सोडायचा. पाना लावला आणि तो फिरायलाच लागला. नुसता बोटांनी लावलेला होता. पाच-सहा फेऱ्यांत सगळं तेल रस्त्यावर सांडलं असतं आणि लांबू रस्त्याच्या कडेला उभा राहिला असता.

तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिनं दात-ओठ खात बोल्ट आवळला आणि बाहेर आली.

"खालचा सैल होता."

"राहिला असेल," मामा दुसरीकडे बघत म्हणाला.

"तुझ्या हातून?"

तेवढ्यात लांबू आला आणि त्यानं मामाचे दोन्ही हात धरले. "मामा, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत हो."

मामाला मान वर करवेना. भाचीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं.

"उपकार कसले," ती लांबूला म्हणाली. "पहिल्या वळणापासून तुला छळणार आहे मी."

"छळ की! मी काय गप्प बसणार आहे?" लांबू हसला आणि स्वतःच्या गाडीत शिरला.

ती आपल्या गाडीत बसली. मामा वाकला, खांद्यावरचे पट्टे ओढून घेऊ लागला.

"तुझ्यासाठीच केलं गं," तो पुटपुटला.

"माहितेय. म्हणून तर जास्त राग आलाय." तिनं समोरची नजर हलवली नाही. "घट्ट आवळ."

मामानं पट्टा ओढला.

"आणखी."

मामानं गुडघा गाडीला टेकवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

"आणखी," ती म्हणाली.