चाळीस सेकंद

मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला अख्खी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणायची. फोनचं अपडेट आपोआप होईना, की लोक त्याच्या दुकानाची पायरी चढायचे. आजवर एकही पेशंट त्याच्या हातून दगावला नव्हता.

त्या दुपारीही त्याने एक अडून बसलेला फोन कॉम्प्युटरला जोडला, जुनं सगळं पुसलं आणि नवी सिस्टीम स्वतः चढवली. फोन कोऱ्या पाटीसारखा सुरू झाला. मग नेहमीप्रमाणे माइक तपासायला त्याने रेकॉर्डर लावला, “एक, दोन, तीन” म्हटलं आणि लगेच बंद केला.

ऐकायला गेला, तर रेकॉर्डिंग चाळीस सेकंदांचं!

“एक, दोन, तीन.” हा त्याचाच आवाज. मग शांतता. आणि मग बायकोचा आवाज आला, “अहो, चहा इथेच ठेवू का?”

त्याने चमकून मागे पाहिलं. कोणी नव्हतं. ती तर वर घरात होती.

फोनमध्ये खुर्ची कोसळली. कप खळ्ळकन फुटला. “अहो! अहो, डोळे उघडा ना!” बायको जिवाच्या आकांताने ओरडत होती. रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

त्याला दरदरून घाम सुटला.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. बशीत कप किणकिणत होता. ‘वरच थांब’ असं ओरडायला तो घाईने खुर्चीतून उठू लागला.

दाराचा पडदा सरला.

“अहो, चहा इथेच ठेवू का?”