अंतर तीन मीटर

मी शिंपीण. एका बाईचं माप दुसरीला सांगायचं नाही, हा धंद्याचा धर्म मी वीस वर्षं पाळलाय. मग माझं माप त्या फोनला कशाला देऊ?

"अगं ताई, मैत्री जुळवणारं अ‍ॅप आहे ते. खरं लिहिलंस तरच कुणी सापडेल," धाकटी बहीण म्हणाली आणि जेवायला घरी गेली.

मी सगळं धडधडीत खोटं लिहिलं. उंची सहा फूट. उजव्या हाताला बोटं चार.

लगेच फोन वाजला. 'हुबेहूब तुमच्यासारखी व्यक्ती सापडली. अंतर तीन मीटर.'

दुकानात मी एकटीच होते. टेप काढून मोजलं. बरोब्बर तीन मीटरवर कपडे बदलायच्या खोलीचं दार होतं. त्याच्या धुरकट काचेवर, माझ्या डोक्याच्याही वर, आतून कुणीतरी पंजा टेकवला होता. बोटं चार.

पण माघार घेईन तर मी कसली! चार खोडून सहा लिहिलं.

काचेवर सहा झाली.

'खरी माहिती द्याल का?' फोनवर प्रश्न उमटला.

"मेले तरी देणार नाही!" मी ओरडले.

पंजा सावकाश खाली सरकत माझ्या खांद्याच्या उंचीला आला. आता बोटं पाच होती. तर्जनीच्या टोकाला खाच होती. पूर्वी एकदा मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली होती, अगदी तिथेच. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

"ते माप माझं आहे," मी दाराला लाथ घातली. "परत दे!"

आतून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "मेले तरी देणार नाही."