माया

लष्कर सोडून तिचा नवरा आता बस चालवत होता, पण राखीव जवानांमध्ये त्याचं नाव अजून होतंच. सीमेवर जरा खुट्ट झालं की तो कपाटातून जुनी वर्दी काढून घालून बघायचा, आणि त्याच्या डोळ्यांतली चमक बघून तिला वाटायचं, हा आता पुन्हा जाणार. शिवणकाम तर तिच्या हातचा मळ. एक दिवस तो कामावर गेल्यावर तिनं वर्दीची पँट कमरेत गुपचूप आत घेतली. जास्तीचं कापड मात्र कापलं नाही, सगळी माया आत तशीच ठेवली.

पुढच्या वेळी बटण काही लागेना.

"सुटलोय की गं मी!" तो खजील होऊन म्हणाला.

"मग! असल्या ढेरीला कोण बोलावतंय? बसा आता गपगुमान घरी," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

त्यानंतर तो पहाटेच घर सोडायला लागला. पहिली फेरी आपल्याकडे आलीये, म्हणाला.

शेवटी बोलावणं आलंच. तो तपासणीला गेला, तरी ती निर्धास्त होती; पोट सुटलंय समजून तो स्वतःच माघार घेईल, असं तिला वाटत होतं. संध्याकाळी तो हसतच घरात शिरला.

"पास!"

"अहो, पण... तुमचं पोट?"

"कसलं पोट? रोज डेपोपर्यंत पळत जातोय, तुला पत्ता लागू दिला नाही. माझ्या बॅचचे दोघं पोट सुटलं म्हणून बाद झाले आज.



ही पँट वेळेवर घट्ट झाली म्हणून बरं, नाहीतर मीही त्यांच्यासारखा घरीच बसलो असतो!"